कासिल्दाने निवडलेला प्रेस

आन्सेल्मोने खोलीचं माप तिसऱ्यांदा घेतलं, तेव्हा स्वयंपाकघरातून कासिल्दाने विचारलं, "कालपेक्षा मोठी झाली का रे?"

चौतीस वर्षं संसार केलेल्या माणसाला कुठे गप्प बसायचं एवढं कळलेलं असतं. त्याने टेप गुंडाळून खिशात टाकला आणि वहीत लिहिलं: भिंतीपासून खिडकीपर्यंत दोन मीटर चाळीस. कालही तेवढंच लिहिलं होतं. खोली मुलाची. मुलगा मालागाला नोकरीला लागून नऊ वर्षं झाली, तरी घरात ती मुलाचीच खोली. आता तिथे प्रेस बसवायचा होता. चामडं कापायचा आणि त्याच्यावर ठसा उठवायचा प्रेस.

उब्रिके गावात घरात प्रेस असणं काही नवलाचं नाही. इथे कुठल्याही जिन्यात शिरा, आधी चिकटवायच्या सोल्युशनचा वास येतो आणि मग जेवणाचा. बायका जेवणाच्या टेबलावर पाकिटं चिकटवतात, पट्टे शिवतात, कडा घासून गुळगुळीत करतात, आणि ती पाकिटं कुठल्या कुठे जाऊन बड्या दुकानांच्या काचेत बसतात. कोणाच्या नावाने बसतात ते विचारायचं नाही आणि सांगायचं तर मुळीच नाही. बड्या लोकांना आपलं काम कोण करतं हे झाकून ठेवायचं असतं, त्यासाठी ते सह्याही घेतात. पण सह्या आत्ता आत्ता आल्या. कासिल्दा शिकली त्या पिढीची रीत सह्यांच्या आधीची होती: कोणी पाकिटावर नावाचा ठसा मारायला लागलं की जवळच्यांनी पाठ फिरवायची. बघणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात डोकावणं.

आन्सेल्मो मूळचा या गावचा नव्हे. तो वर डोंगरातल्या बियालुएंगाचा, जिथे माणसांपेक्षा बकऱ्या जास्त. आयुष्यभर त्याने बस चालवली. चामड्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण ही पाठ फिरवायची रीत मात्र त्याने बाहेरून आलेल्या माणसाच्या कसोशीने पाळली. बायको हाताने दाबून ठसा मारायला बसली, की हा सरळ बाल्कनीत. पाऊस असो, ऊन असो. एकदा गारा पडत होत्या तरी तिथेच उभा राहिला, आणि खालच्या मजल्यावरच्या पेत्रोनिलाने ती गोष्ट पुढे पाच वर्षं पुरवून पुरवून सांगितली.

तर ही कासिल्दा. वय अठ्ठावन्न, अंगाने लहानखुरी, तोंडाने तिखट, आणि चामडं कापायची रापी हातात घेतली की बघत राहावं अशी. कातडं टेबलावर पसरायची, त्यावरून एकदा तळवा फिरवायची आणि सांगायची, ही मान, इथे जनावर कुंपणाला घासलेलं, ही पोटाची बाजू ढिली, इथलं काही घ्यायचं नाही. मग एका दमात रापी फिरायची. आन्सेल्मोला त्यातलं काही दिसत नसे. त्याला तपकिरी कातडं दिसायचं. म्हणून तर त्याला ती थोर वाटायची, आणि ते तो कोणालाही सांगायचा, समोरच्याने विचारलेलं नसलं तरी.

ती रापी आता बंद झाली होती. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजला होता. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला आणि म्हणाले, "कापणं सोडा. नाहीतर वर्षभरात कॉफीचा कप धरता येणार नाही." घरी येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली होती. आन्सेल्मो म्हणाला, "चिकटवायचं काम तरी करता येईल की." ती म्हणाली, "दुसऱ्याने कापलेलं मी चिकटवू?"

नेमक्या त्याच महिन्यात काडिस शहरातली एक दुकानवाली पुढे आली. एका लग्नात तिने कासिल्दाच्या पर्समधलं कार्डांचं छोटं पाकीट पाहिलं होतं, जे कासिल्दाने स्वतःसाठी केलं होतं. उलटून पालटून पाहिलं आणि म्हणाली, "असली दोन डझन द्या. माझ्या गल्ल्यासमोर ठेवीन. पण नाव पाहिजे. बिननावाचं मी ठेवत नाही." चव्वेचाळीस वर्षं कासिल्दाने पाकिटं केली होती, आणि एकावरही तिचं नाव नव्हतं. त्या रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "माझ्या नावाचं करायचं. हात आहे तोवर." दुसऱ्या दिवशी ती ठसे कोरणाऱ्याकडे जाऊन आली. आठवड्याने एक जड पितळी तुकडा रुमालात गुंडाळून घरी आला आणि कपाटात गेला. आन्सेल्मोने रुमाल पाहिला, आत काय लिहिलंय ते पाहिलं नाही. सवयच नव्हती.

म्हणजे सगळं प्रेसवर येऊन ठेपलं होतं. दुखऱ्या हाताने चालेल, घरात मावेल, कापेलही आणि ठसाही उठवेल, असा प्रेस मिळाला तर कासिल्दाचं नाव. नाही मिळाला तर चिकटवणं.

आन्सेल्मोने संगणकावर बसून अभ्यास केला. चार दिवसांत तो टनांत बोलायला लागला. "आठ टन कमी पडतील. बारा पाहिजेत," तो सकाळी पावाला तेल लावता लावता म्हणाला.

"मला पाकीट कापायचंय, बैल नाही," कासिल्दा म्हणाली.

"दोन बटणं असतात. दोन्ही दाबली की आपोआप खाली. अंगठ्याला काही त्रास नाही. तू नुसतं राणीसारखं बसायचं."

"राण्या पाकिटं कापत नाहीत."

जिन्यात पेत्रोनिला भेटली. तिला प्रेसची बातमी लागली होती. उब्रिकेत ती न लागती तरच नवल. "काय रे आन्सेल्मो, माझ्या डोक्यावर लोखंड आणून ठेवतोयस म्हणे. माझ्या बैठकीच्या छताला तडा गेला ना, तर तुला तुझ्या बकऱ्यांकडे परत पाठवीन." मग आवाज उतरवून म्हणाली, "पण तिला चांगला घेऊन दे. तिच्यासारखं कापणारं आता गावात कोण उरलंय?"

कासिल्दाच्या मनात मात्र वेगळंच होतं. ती गेली ब्राउलिओमास्तरांकडे, आणि आन्सेल्मोही मागोमाग.

ब्राउलिओमास्तर त्र्याऐंशी वर्षांचे. चौदाव्या वर्षी कासिल्दा त्यांच्याच कारखान्यात कामाला लागली. कारखाना म्हणजे रस्त्यालगतची एक खोली, आणि खोलीच्या मधोमध त्यांचा बॉल प्रेस: माणसाएवढा उंच, काळा, वर आडवा दांडा आणि दांड्याच्या दोन टोकांना लोखंडी गोळे. दांडा फिरवला की गोळ्यांच्या वजनाने स्क्रू खाली येतो आणि एकच घाव घालतो. काम बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी मास्तर रोज सकाळी खोली उघडत, प्रेस पुसत आणि शेजारी खुर्ची टाकून बसत. गावातले अर्धे कसबी याच खोलीतून बाहेर पडलेले. येता जाता लोक दारातून डोकं आत घालून नमस्कार करत, आणि मास्तर न बघताच कोण आहे ते पावलांवरून सांगत.

"कासिल्दा आणि तिचा ड्रायव्हर," ते म्हणाले. "बसा."

कासिल्दा बसली नाही. "मास्तर, हा प्रेस मला द्या."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. "ओढून बघ," ते म्हणाले.

तिने दांडा धरला. पंचवीस वर्षांनी धरला असेल, पण शरीर विसरलेलं नव्हतं. पाय बरोबर जागी पडले, खांदा वळला, गोळे फिरले, स्क्रू खाली आला. आन्सेल्मोच्या तळपायापर्यंत तो घाव पोचला. त्याला वाटलं, झालं, जमलं. पण घाव बसल्यावर दांडा उलटा उसळतो आणि त्याला हाताने पकडून थांबवावं लागतं. तिने पकडला. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, फक्त ओठ आत घेतले. हात मात्र सोडला आणि ॲप्रनच्या खिशात घातला.

"नाही देणार," मास्तर म्हणाले.

"बारवाल्याने शोभेसाठी मागितला तर त्याला दिला नाहीत. आता मलाही नाही?"

"बारवाल्याला दिला असता तरी चाललं असतं. तो वापरणार नव्हता. तू वापरशील."

कासिल्दाचे डोळे भरून आले होते, आणि ते मास्तरांना दिसू नयेत म्हणून ती प्रेसकडे बघत होती. आन्सेल्मोला मास्तरांचा असा राग आला की त्यांचं वय आड आलं नसतं तर तो बोललाच असता.

"पोरी," मास्तर म्हणाले, "हा विशीतल्या खांद्यासाठी आहे. आणि जमिनीवरच्या खोलीसाठी. दुसऱ्या मजल्यावर नेलास तर आधी फरशी जाईल आणि मग तुझा खांदा. माझी आठवण म्हणून पाहिजे असेल तर येऊन बसत जा इथे. काम करायचं असेल तर दुसरा बघू. उद्या फेर्मीनकडे जाऊ. मी येतो."

"तुमचे गुडघे?"

"प्रेस बघायला गुडघे लागत नाहीत."

फेर्मीनची शेड गावाबाहेर, कारखान्यांच्या वसाहतीत. नवी-जुनी यंत्रं विकणारा हा चाळिशीचा माणूस, बोलायला गोड, शर्ट नेहमी कडक इस्त्रीचा. मास्तरांना गाडीतून उतरताना पाहून तो पळत आला आणि त्याने खुर्ची मागवली. मास्तर खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी कोट घातला होता, सकाळीच दाढी केली होती, आणि जणू कोणाच्या घरी मुलगी बघायला आल्यासारखे ते रांगेतल्या यंत्रांसमोरून सावकाश चालले.

आन्सेल्मोचा लाडका पहिलाच होता. पांढरा शुभ्र, चकचकीत, दोन हिरवी बटणं, बारा टन. संगणकावर दिसायचा त्याहून देखणा. फेर्मीन माहिती सांगू लागला. मास्तरांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून हाताने सिगारेट वळायच्या पातळ कागदांचं पाकीट काढलं. हे गाव मुळात तंबाखूचे बटवे करत मोठं झालं. मास्तरांनी सिगारेट सोडून वीस वर्षं झाली तरी कागद सुटले नव्हते. त्यांनी चार कागद घेतले आणि प्रेसच्या खालच्या पाटावर चार कोपऱ्यांत एकेक ठेवला.

"दाब," ते कासिल्दाला म्हणाले.

तिने दोन्ही बटणं दाबली. वरचा पाट गुर्र करत खाली यायचा आणि तो वर जायच्या आत मास्तर एक कागद ओढायचे, असं चारदा झालं. पहिला ओढला. निघेना. दुसरा, तिसरा, तसेच घट्ट. चौथा मात्र लोण्यातून सुरी निघावी तसा हातात आला.

फेर्मीन हसला. "मास्तर, कागदाच्या जाडीने काय होतंय?"

"कागदाच्या जाडीने तीन कोपरे कापले जातील आणि चौथा लोंबत राहील. मग ही रापी घेईल आणि तो कोपरा सोडवेल. दोन डझन पाकिटं, प्रत्येकाचे पाच तुकडे. हिची रापी बंद केलीय डॉक्टरने."

"कंपनीचा माणूस येऊन ठीक करून देईल. बालेन्सियाहून येतो."

"रोज येईल?" कासिल्दाने विचारलं.

पण तिची खरी अडचण वेगळी होती. तिने पुन्हा बटणं दाबली. पाट खाली आला आणि लगेच वर गेला. "याला खाली थांबवता येतं का?"

"येतं की. चार सेकंद."

"मला एक आवे मारिया लागते."

फेर्मीनला समजलं नाही. आन्सेल्मोला मात्र समजलं, कारण घरात ठशाच्या वेळी बाल्कनीच्या दारामागून त्याला त्या प्रार्थनेची पुटपुट ऐकू यायची. कासिल्दा समजावून सांगू लागली, आणि सांगताना तिचा आवाज बदलला, शिकवणाऱ्या बाईचा झाला. "हे बघ फेर्मीन. कापणं म्हणजे यायचं आणि जायचं. जितकं पटकन तितकं स्वच्छ. ठशाचं उलटं आहे. ठशाला येऊन बसावं लागतं. चामडं ओलसर असतं, त्याला दाबलंस आणि लगेच सोडलंस की ते परत फुगतं, अक्षरं बुजतात. सावकाश दाबायचं आणि धरून ठेवायचं. एक आवे मारिया सुरुवातीपासून आमेनपर्यंत, घाई न करता. म्हणजे मला असा प्रेस पाहिजे, ज्याला येऊन जाणंही जमतं आणि येऊन बसणंही."

"बाई, दहा वर्षं हा धंदा करतोय," फेर्मीन म्हणाला, "सगळे टन विचारतात."

आन्सेल्मोने खिशातली वही आणखी खोल सारली.

दुसरा प्रेस लाल, छोटा, हलका, एका बाजूने उघडा. चारही कागद घट्ट बसले तेव्हा आन्सेल्मोला हायसं वाटलं. पण कासिल्दाने आणखी दाब द्यायला लावला आणि खाली वाकून बाजूने पाहिलं. दाब वाढला तसा वरचा भाग पुढून किंचित उचलला जात होता. पुढचे दोन कागद सैल झाले. "हा मान टाकतो," ती म्हणाली. मास्तरांनी नुसती मान डोलावली. चेल्याने आपल्या आधी पाहिलं याचा आनंद लपवायला त्यांना एवढं पुरलं.

मग शेवटी, ताडपत्रीखालचा. फेर्मीनला तो दाखवायचा नव्हता. करड्या रंगाचा, ठिकठिकाणी रंग उडालेला, चार खांबांवर उभा, बाजूला हातभर लांब दांडा. प्रादो देल रेय गावच्या कोणीतरी घेतला आणि फार सावकाश आहे म्हणून परत दिला. मास्तरांनी कागद ठेवले. दोन निघाले.

"म्हणून दाखवत नव्हतो," फेर्मीन म्हणाला.

मास्तर खांबांकडे बघत होते. प्रत्येक खांबाच्या वरच्या टोकाला एकेक जाड नट होता. त्यांनी त्यांवरून बोट फिरवलं, जसं कासिल्दा कातड्यावरून तळवा फिरवते. "पांढरा बिघडला तर बालेन्सियाला फोन करायचा," ते म्हणाले. "हा बिघडला तर आपणच समजवायचा. पाना आण."

पाना आला, पण धरायचा कोणी? मास्तरांच्या हातात तेवढा जोर नव्हता, कासिल्दाला डॉक्टरची मनाई. फेर्मीनने आपल्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. तेव्हा आन्सेल्मो पुढे झाला. चौतीस वर्षांत चामड्याच्या कामात त्याला कोणी हात लावू दिला नव्हता. पण नट म्हणजे नट, आणि घाटात अर्ध्या रस्त्यात बस बंद पडली की ते कोण सोडवत असे? त्याने पाना घेतला.

"पाव फेरा," मास्तर म्हणाले. कासिल्दाने कागद ओढला. "अजून."

"पाव?"

"पावाचा पाव. बस चालवतोयस का?"

"बस हलकी असते," आन्सेल्मो म्हणाला.

अर्धा तास गेला. तो नट फिरवायचा, कासिल्दा डाव्या हाताने कागद ओढायची, मास्तर डोळे मिटून तिने ओढताना होणारा आवाज ऐकायचे आणि सांगायचे. आन्सेल्मोच्या कपाळावर घाम आला होता आणि तो मनातल्या मनात इतका खुश होता की त्याला लाज वाटली. शेवटी चारही कागद जागेवर राहिले. कासिल्दाने एक जोरात ओढला. कागद फाटला, निघाला नाही.

"दांडा डाव्या बाजूला लावता येतो?" तिने विचारलं.

फेर्मीनने कधी लावून पाहिला नव्हता, पण भोक होतं. लावला. कासिल्दा प्रेससमोर उभी राहिली. तिने दांडा मुठीत धरलाच नाही. कोपराच्या खळगीत अडकवला आणि शरीराचं वजन टाकलं. पाट शांतपणे खाली आला आणि तिथेच राहिला. अंगठा बाजूला, हवेत, रिकामा. तिने तीनदा केलं. मग पिशवीतून आपलं चामडं काढलं आणि पाकिटाच्या आकाराची पोलादी कटिंग डाय काढली, जिची धार खालच्या बाजूला असते.

त्या अनोळखी शेडमध्येही तिने तळवा फिरवला. मान टाळली, पोट टाळलं, केसाएवढी एक जुनी जखम टाळली, आणि डाय ठेवली. आन्सेल्मो बघत राहिला. त्याला भीती होती की प्रेस आला की तिची विद्या जाईल, यंत्र कापेल आणि ही नुसती दांडा ओढेल. आता त्याला दिसलं की प्रेस फक्त जोर लावणार होता. कुठे कापायचं हे अजून त्याच तळव्याला माहीत होतं. तिने वजन टाकलं, एक बारीक कट्ट आवाज झाला, आणि तुकडा डायमधून मोकळा झाला. मास्तरांनी त्याची कड खालच्या ओठावरून फिरवली. चारही बाजू. "आपल्याला काही काम उरलं नाही," ते म्हणाले, आणि ती त्यांची सर्वांत मोठी शाबासकी होती.

"वजन कसं नेणार वर?" फेर्मीनने विचारलं. "दुसरा मजला ना?"

"खांब सुटे होतात," आन्सेल्मो तत्काळ म्हणाला. "मी नट फिरवलेत ना आत्ता. सहा फेऱ्यांत नेतो. फरशीला घावही बसत नाही."

आता ठसा राहिला. तो नीट उठला नसता तर बाकीच्याचा काही उपयोग नव्हता. फेर्मीनने एक खोका पुढे केला, ज्यात फुलं, घोडे, कसलीकसली जुनी चिन्हं होती. "यातला कुठलाही लावून बघा, बाई."

कासिल्दाने खोक्याकडे पाहिलं. मग पिशवीत हात घातला आणि रुमाल काढला.

तिने कापलेला तुकडा ओल्या स्पंजने पुसला, थोडा वेळ थांबली, गालाला लावून पाहिला. गार लागला पण ओला नाही. रुमाल उलगडला. पितळी ठसा वरच्या पाटाखाली बसवला. आणि शेडमध्ये जे व्हायचं तेच झालं. ब्राउलिओमास्तर काठी टेकत वळले आणि ताडपत्र्यांकडे तोंड करून उभे राहिले. फेर्मीन फोनमध्ये काहीतरी शोधत दाराकडे गेला. तोही याच गावचा. आन्सेल्मोला बाल्कनी नव्हती, म्हणून तो पांढऱ्या प्रेसकडे वळला आणि त्याच्या हिरव्या बटणांकडे बघत बसला. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. तिघांच्या पाठी तिच्याकडे.

मागे दांडा खाली आल्याचं त्याला कळलं. मग ती पुटपुट. तो तिच्याबरोबर मनात म्हणत होता, आणि आज ती नेहमीपेक्षा हळू म्हणत होती. मधे एकदा थांबली. त्याला वाटलं, हात दुखला. मग पुन्हा सुरू झाली. आमेन. दांडा वर गेला.

अक्षरं बुजली असतील, तर घरी जाताना काय बोलायचं ते आन्सेल्मो जुळवू लागला.

"वळा," कासिल्दा म्हणाली.

कोणी वळलं नाही. असं कधी कोणी म्हणालंच नव्हतं, त्यामुळे ते आपल्याला म्हटलंय असं कोणाला वाटेना.

"मास्तर, वळा. फेर्मीन. आन्सेल्मो, तूसुद्धा. माझंच आहे. बघायला चालतं."

मास्तर आधी वळले. फेर्मीन फोन खिशात ठेवून आला, जरा ओशाळलेला. आन्सेल्मो शेवटी. तिने तो तुकडा दोन्ही तळव्यांवर धरला होता. ओलसर तपकिरी चामड्यात अक्षरं खोल, सरळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी बसली होती. मास्तरांनी नखाने पहिलं अक्षर चाचपलं, मग शेवटचं, आणि दोन्हींची खोली एक आहे म्हणून सांगितलं.

आन्सेल्मोने चष्मा काढला, पुसला, परत लावला. चव्वेचाळीस वर्षांचं काम होतं ते, आणि त्यातली चौतीस वर्षं त्याने बाल्कनीत काढली होती. या बाईने किती नावं उठवली असतील, त्याने त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं. हे पहिलं. थांब्याचं नाव शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जावं तशा आवाजात त्याने वाचलं, "कासिल्दा कारास्को. उब्रिके."

शेडच्या पत्र्यांत ते घुमलं.

"हळू रे," ती घाईने म्हणाली, आणि तिची नजर दाराकडे गेली. दारात कोणी नव्हतं. तिने तुकड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"नाही," ती म्हणाली. "परत वाच."